सांग तुझ्या काकांना

"सांग तुझ्या काकांना, उजवीकडच्या झाडावर, अगदी शेंड्याला काहीतरी बसलंय."

काकूने मला हे सांगितलं तेव्हा काका तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर बसले होते. त्यांचे कान उत्तम होते. तरीही निरोप रीतसर माझ्यामार्फत जाणं भाग होतं. मी पुढच्या सीटवरून मागे वळलो आणि म्हणालो, "काका, उजवीकडच्या झाडावर, शेंड्याला."

काकांनी दुर्बीण लावली, पाच सेकंद बघितलं आणि खाली घेतली.

"काकूला सांग, ते मी आधीच पाहिलेलं आहे."

"काकू, ते त्यांनी आधीच..."

"ऐकलं मी. मला कान आहेत."

सकाळचे साडेसहा वाजले होते. केनियातल्या एका अभयारण्यात, गवतातून जाणाऱ्या लाल मातीच्या रस्त्यावर आमची व्हॅन उभी होती. अबोल्याचा तो एकोणिसावा दिवस होता.

ही गोष्ट २००३ सालची. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, अविवाहित होतो आणि नैरोबीत पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत नोकरी करत होतो. काका-काकू कऱ्हाडहून महिनाभर माझ्याकडे राहायला आले होते. काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. माझ्या घरात पाऊल ठेवल्यावर पाणी पिण्याआधी त्यांनी स्वयंपाकघरातला तराजू तपासला, तो वीस ग्रॅमनी खोटा निघाला आणि त्यावर त्यांनी 'वापरू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. नाद म्हणजे बंदोबस्त. त्यांची एक जाड वही होती, तिच्यात रकाने आखलेले: क्रमांक, पक्षी, ठिकाण, वेळ, पाहिला की ऐकला, शेरा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला किंवा स्वतःच्या कानांनी ऐकलेला पक्षीच त्या वहीत जाई. त्या दिवशी सकाळी तिच्यात चारशे एकतीस पक्षी होते.

आमच्या घराण्यात अबोला शिस्तीने पाळतात. नियम ठरलेले आहेत. सेवा बंद होत नाही. चहा, गोळ्या, धुतलेले कपडे वेळेवर मिळतात. देवाशी, भाजीशी आणि तिसऱ्या माणसाशी कितीही बोललेलं चालतं. जो आधी बोलेल तो हरला. माझ्या थोरल्या आत्याने हा प्रकार नऊ वर्षं चालवला होता आणि त्या काळात तिला दोन मुलं झाली.

या अबोल्यातला तिसरा माणूस मी होतो. काका मला ऑफिसात फोन करायचे. "सुहास, काकूला विचार, माझा चष्मा कुठे आहे." काकू स्वयंपाकघरात, काका बाहेरच्या खोलीत आणि मी अकरा किलोमीटरवरच्या औद्योगिक वसाहतीत, एका गिऱ्हाइकासमोर. मी परत घरी फोन लावायचो. तो काकाच उचलायचे. मी म्हणायचो, "काकूला द्या." ते रिसीव्हर टेबलावर ठेवून खोलीतून निघून जायचे आणि तो वाजतोय की बंद आहे हे काकूने स्वतः ओळखायचं.

इथवर मी सहन केलं असतं. पण दोन दिवसांपूर्वी काकूने भाजी निवडता निवडता मला सांगितलं होतं, "सांग तुझ्या काकांना, गुरुवारी मुंबईत उतरलं की मी कऱ्हाडला येणार नाही. थेट बेळगावला जाणार, दादाकडे."

"किती दिवस?"

"तिकीट एका बाजूचंच काढायला सांगितलंय."

मी निरोप पोचवला. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "काकूला सांग, बेळगावला थंडी असते. शाल न्यावी."

त्या रात्री आईला फोन केला. आई म्हणाली, "हे बघ, ती पोकळ धमकी देत नाही. सदतीस वर्षांत एकदाही माहेरी जाते म्हणाली नव्हती. आता म्हणाली म्हणजे जाणार. गुरुवारच्या आत त्यांना बोलतं कर." मी विचारलं, कसं? ती म्हणाली, "तू इंजिनियर ना?"

तर मंगळवारी नैरोबीच्या महाराष्ट्र मंडळाची सहल होती. दोन व्हॅन ठरल्या होत्या. सगळ्यांना सिंह बघायचे होते म्हणून सगळे एका व्हॅनमध्ये कोंबून बसले. दुसरी पक्ष्यांची. तिच्यात आम्ही तिघं आणि आमचा चालक मुटुआ.

मुटुआ पन्नाशीचा होता, शांत होता आणि पक्षी त्याला लांबून नुसत्या उडण्यावरून कळत. आमचं बोलणं इंग्रजीत चाले. काकांना तो 'म्झे' म्हणायचा, म्हणजे वडीलधारे गृहस्थ, आणि काकूला 'मामा', म्हणजे आई. काकूने पहिल्याच तासात मला विचारलं होतं, "याला सांग ना, मला आत्या म्हण. मामा कसं ऐकू येतं ते."

दोन-तीन निरोप इकडून तिकडे गेल्यावर मुटुआने हलक्या आवाजात मला विचारलं, "म्झेंना ऐकू येत नाही का?"

"येतं."

"मग मामा तुमच्याशी का बोलतात?"

"हा आमच्याकडचा एक उपास आहे," मी म्हणालो. "यात जेवण चालतं."

त्याने मान डोलावली. "आमच्याकडे असं झालं तर मोठ्या भावाला बोलावून बकरा कापतात. मग सगळे बोलतात."

"आम्ही शाकाहारी आहोत."

"अडचण आहे," मुटुआ म्हणाला.

पक्षी मात्र मुबलक होते. हिरव्या-जांभळ्या छातीचा नीलपंख तारेवर बसावा तसा काटेरी फांदीवर बसला होता, आणि उडाला तेव्हा काका लहान मुलासारखे "अगं बाई!" म्हणाले. मग आपण कोणाला उद्देशून म्हणालो ते ध्यानात येऊन त्यांनी घसा साफ केला. डोक्यावर सोनेरी तुरा असलेल्या करकोच्यांची जोडी रस्ता ओलांडून गेली. टकला मराबू, काळा कोट घालून हात मागे बांधल्यासारखा, एका डबक्यापाशी उभा होता, त्याला बघून काकू म्हणाली, "सुहास, हे तर कऱ्हाड कोर्टातले कोणीतरी." काकांना हसू आलं. ते त्यांनी खिडकीबाहेर फेकलं.

आणि यातले निम्म्याहून जास्त पक्षी आधी काकूला दिसत होते. तिच्याकडे दुर्बीण नव्हती. ती मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि सहज बघत होती, बाजारात ताजी गवार बघावी तशी. "सांग त्यांना, त्या दगडामागे." "सांग त्यांना, खाली नाही, वरच्या फांदीला." काका बघायचे, वही उघडायचे, लिहायचे. वही काकूच्या डोळ्यांसमोर होती. तिच्यात काकूचा उल्लेख करणारा रकानाच नव्हता.

नऊच्या सुमाराला मुटुआ आणि काका व्हॅनचं छप्पर वर करून उभे राहिले, तेव्हा मी काकूला हळूच विचारलं, "पण झालं काय होतं? मला अजून कोणी सांगितलंच नाही."

"तू ऑफिसला गेला होतास. तुझ्या खिडकीबाहेर तो लाल फुलांचा वेल आहे ना, तिथे एक एवढासा पक्षी आला. चोच वाकडी. छाती लालभडक, बाकी हिरवा, ऊन पडलं की चमके. हे आंघोळीला. मी हाक मारली. टॉवेल गुंडाळून येईपर्यंत तो गेला."

"मग?"

"मग चौकशी. शेपूट किती? चोच किती? मी सगळं सांगितलं. सगळं बरोबर, पुस्तकात तसंच चित्र. वही उघडली, पेन काढलं आणि मिटून ठेवलं. म्हणे, 'अनधिकृत माहिती आहे, नोंद होणार नाही.'" तिने डब्याचं झाकण उगाच दाबलं. "सदतीस वर्षं मी यांना पक्षी दाखवतेय, सुहास. गच्चीवरून, एसटीतून, तुझ्या वडिलांच्या मुंजीतल्या फोटोत सुद्धा मागे एक होता तो मी दाखवला. माझे डोळे चालतात. माझा शब्द चालत नाही."

वर छपराबाहेर उभ्या असलेल्या काकांचे फक्त पाय दिसत होते. ते हलले नाहीत. त्यांचे कान उत्तम होते हे मी आधी सांगितलंच आहे.

काकांना त्या दिवशी एक विशिष्ट पक्षी हवा होता. सेक्रेटरी बर्ड. त्याला ते सचिव म्हणत. माणसाच्या कमरेएवढा उंच, गवतातून चालत साप मारत हिंडणारा, डोक्यामागे लेखण्या खोचल्यासारखी पिसं. "तेहतीस वर्षांच्या नोकरीत खात्याच्या सचिवांची भेट मिळाली नाही," काका मला म्हणाले. "तीन वेळा गेलो. तीन वेळा मीटिंग चालू होती. हा तरी भेटावा."

मुटुआ म्हणाला, जेवणाच्या जागेजवळ एक जोडी आहे, नशीब असेल तर दिसेल.

जेवणाची जागा म्हणजे एका मोठ्या बाभळीखालचं मोकळं मैदान, त्याभोवती पांढरा रंग दिलेल्या दगडांचं कडं. गाडीतून फक्त तिथेच उतरता येत असे, आणि दगडांच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही असं मुटुआने दोनदा बजावलं. सिंहांची व्हॅन आधीच पोचली होती. त्यांना सिंह दिसला नव्हता, त्यामुळे ते जोरात जेवत होते. सतरंज्या पसरल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष डॉ. केळुसकर बटाटेवड्यांवर देखरेख करत होते आणि मिसेस केळुसकर डॉक्टरांवर.

काकूने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दहीभात काढला. एक पान वाढून माझ्या हातात दिलं. "हे त्यांना दे."

मी पान घेऊन वळलो तर काका जागेवर नव्हते.

ते दगडांच्या पलीकडे होते. ज्या माणसाने पाच ग्रॅमसाठी दुकानांना टाळं ठोकलं, तो माणूस नियमाची पांढरी रेघ ओलांडून साठ-सत्तर पावलं गवतात गेला होता आणि एका झुडपाकडे दुर्बीण रोखून उभा होता. झुडपात काहीतरी चालत होतं. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

त्यांच्या उजव्या हाताला, थोडं मागे, झाडोऱ्यातून एक रानरेडा बाहेर आला.

एकटाच होता. काळा, चिखलाने माखलेला, कपाळावर शिंगांचा भांग पाडलेला. तो काकांकडे बघत उभा राहिला. मुटुआने हातातला चहा खाली ठेवला. "कळपातून काढलेला म्हातारा आहे," तो अगदी हळू म्हणाला. "निवृत्त. हे सगळ्यात वाईट. म्झेंना पळू देऊ नका. डावीकडून, सावकाश चालत यायला सांगा. मी गाडी मध्ये घालतो." आणि तो व्हॅनकडे धावला.

काकू ताडकन उठली होती. पण एकोणीस दिवसांची सवय वाईट असते. ती मला म्हणाली, "सांग तुझ्या काकांना, मागे रेडा आहे."

आणि मी, हातात पुऱ्यांचं पान घेऊन, निघालो. खरंच निघालो. पांढऱ्या दगडापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात काकूने माझी कॉलर मागून धरली आणि मला असं ओढलं की दहीभात माझ्या शर्टावर आला.

"अहो!" ती ओरडली.

सात पुरुषांनी माना वळवल्या. डॉ. केळुसकरांनी हातातला चौथा वडा चटकन ताटात ठेवला. एक जण काही न विचारता उभाच राहिला. मीसुद्धा वळलो, आणि माझं तर लग्नही झालं नव्हतं. त्या मैदानात ज्याच्यासाठी हाक होती तो एकच पुरुष हलला नाही. गेले एकोणीस दिवस त्यांना कोणी 'अहो' म्हटलं नव्हतं. ही कोणा दुसऱ्याची बायको असणार, असं ते धरून चालले होते.

"अहो! अहो!"

बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणाल्या, "तुम्ही नाही हो." रेड्याने एक पाऊल पुढे टाकलं.

मग काकूने पदर खोचला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि हाक मारली.

"त्र्यंबक!"

आमच्या घरात ते नाव आजी गेल्यापासून कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. ते टपालावर असे आणि दारावरच्या पाटीवर असे.

"त्र्यंबक! इकडे बघ!"

काकांच्या हातातली दुर्बीण खाली आली. ते वळले. रेड्याकडे नाही, काकूकडे वळले. चेहऱ्यावर भीती नव्हती, ती यायला अजून दोन सेकंद होते. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, सकाळी नीलपंख उडाला तेव्हा होतं तसलं.

"डावीकडून ये," काकू म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, पण शब्दन्‌शब्द ऐकू जात होता. "माझ्याकडे बघ. त्याच्याकडे नको. पळू नको. हळू. अजून हळू. हं."

काका तिच्याकडे बघत चालत आले. साठ पावलं. सदतीस वर्षांत त्यांनी सलग इतका वेळ तिच्याकडे बघितलं असेल असं वाटत नाही. अर्ध्या वाटेत मुटुआची व्हॅन गवतातून डुलत आली आणि मध्ये उभी राहिली. रेड्याने व्हॅनकडे बघितलं, निवृत्तांना येतो तसा त्याला एकदम कंटाळा आला आणि तो चरायला लागला.

काका दगडांच्या अलीकडे आले. काकूने त्यांना आपादमस्तक बघितलं, मग माझ्याकडे वळली. "सांग तुझ्या काकांना, पुऱ्या गार झाल्यात." आणि मटकन सतरंजीवर बसली.

मुटुआ काकांना बरंच बोलला. काकांनी मान खाली घालून ऐकलं आणि चूक लेखी मान्य करायची तयारी दाखवली.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोललं नाही. मी धसका घेतला होता की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. सूर्य कलला होता, गवत पिवळं दिसत होतं. आणि मागून आवाज आला.

"मी हाकेला वळलो आणि तो झुडपातून निघून गेला. मला दिसलाच नाही. सचिवच होता का?"

मी सवयीने तोंड उघडलं. "काकू, काका विचारताहेत की..."

"तू गप्प बस," दोघं एकदम म्हणाले.

"सचिवच," काकू म्हणाली. "तुमच्या डाव्या अंगाने बाहेर पडला. मांड्या काळ्या, अर्धी चड्डी घातल्यासारख्या. खाली लांब पाय उघडे. डोक्यामागे सात-आठ पिसं. थोडं चालला, मग थांबून मागे बघितलं, फाइल विसरल्यासारखं. मग गेला."

"तोंड कसं होतं?"

"डोळ्याभोवती शेंदरी. चोच घारीसारखी."

काकांनी वही उघडली. पेन काढलं. काकू खिडकीबाहेर बघायला लागली. मी आरशातून बघत होतो, मुटुआही बघत होता आणि व्हॅन एका खड्ड्यातून गेली. काका बराच वेळ लिहीत होते. एका पक्ष्याच्या मानाने फारच बराच वेळ. मग वही मिटली.

"केली," ते म्हणाले.

"काय?"

"नोंद. तुझ्या नावावर." थोडं थांबून त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. "पण नियमाप्रमाणे आधी तू बोललीस. अबोला तू मोडलास."

"मी कुठे मोडला?" काकू म्हणाली. "मी तुम्हाला हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. मग त्र्यंबकला मारली. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं."

काका हसले. या वेळी खिडकीबाहेर नाही. मुटुआने मला विचारलं, काय झालं. मी म्हणालो, उपास सुटला. "बकऱ्याशिवाय?" "बकऱ्याशिवाय." तो म्हणाला, "रेडा चालतो वाटतं तुमच्यात."

गुरुवारी दोघं विमानात बसली. शाल काकूने नेली, पण कऱ्हाडला.

याला बावीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी सहकुटुंब कऱ्हाडला गेलो होतो. काका आता सत्त्याऐंशीचे आहेत. काकूने माझ्यापाशी तक्रार केली, "यांना ऐकू येईनासं झालंय. किती वर्षं झाली. 'अहो, अहो' करून घसा दुखतो, वळून बघत नाहीत. तीन डॉक्टर झाले. सगळे म्हणतात कान उत्तम."

जेवण झाल्यावर मी कपाट चाळताना ती वही सापडली. मी केनियाचं पान काढलं. काकांचं अक्षर, रकाने सरळ.

'४४७. सचिव. वेळ १२.४०. पाहिला: सौ. इंदुमती. शेरा: वर्णन निर्दोष. साक्षीदाराची गरज नाही.'

त्याखाली आणखी एक ओळ होती.

'४४८. त्र्यंबक. ठिकाण: पांढऱ्या दगडांच्या पलीकडे. वेळ १२.४०. ऐकला. शेरा: दोनदा, स्पष्ट. प्रथम नोंद. (१९६६ साली लग्नात उखाण्यात आल्याचे समजते, बँड चालू असल्याने ऐकू आला नाही.) पुन्हा ऐकण्याची वाट पाहावी.'

"काय वाचतोस रे एवढं?" काकूने चहाचा ट्रे घेऊन येता येता विचारलं.

"पक्ष्यांची नावं," मी म्हणालो.

तिने ट्रे ठेवला आणि गच्चीच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "अहो! चहा!"

गच्चीत काका आमच्याकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. दुर्बीण डोळ्यांना होती. समोर कपडे वाळत घालायची रिकामी तार होती, तिच्यावर काहीही बसलेलं नव्हतं.

"अहो!"

काका हलले नाहीत. पण त्यांची मान, मला स्पष्ट दिसत होतं, ऐकण्यासाठी किंचित तिरकी झाली होती.